इंजिन बांधायचं की बदलायचं

ट्रक आम्हा दोघांचा. चालवतो मी, हिशेब ठेवते ताई. तिच्या वहीत डिझेल, टायर, ग्रीस यांच्या रांगेत ऑइलचा एक रकाना आहे. वरून किती ऑइल ओतलं आणि तेव्हा मीटर कितीवर होता, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. एका रात्री तिने ती वही माझ्यापुढे उघडून ठेवली. "गेल्या वर्षी अडीच हजार किलोमीटरला एक लिटर लागायचं," ती म्हणाली, "या महिन्यात चारशेला एक लागलंय. तू म्हणतोस गाडी ठीक आहे, पण वही तसं म्हणत नाही."

वहीचं खरं होतं आणि ते मला ठाऊकही होतं. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की निळसर धूर निघायचा आणि निवळायला पूर्वीपेक्षा वेळ घ्यायचा. लांब उतार संपवून पुन्हा ॲक्सिलेटर दिला की आरशात निळा ढग दिसायचा. जो चढ भरलेली गाडी चौथ्या गिअरमध्ये काढायची, तिथे मला तिसरा टाकावा लागत होता. ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या आतली कोंडलेली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून ठोक्याठोक्याला धूर बाहेर पडत होता.

इंजिन सहा सिलिंडरचं, टर्बोवालं (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), मेकॅनिकल डिझेल पंपाचं. पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो ती लायनर. लायनर वेट प्रकारचे, म्हणजे लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागतं आणि तो झिजला की उपसून नवा घालता येतो. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

विचारायला गेलो तेव्हा सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं, पिस्टनच्या रिंगा टाक, अजून दोन वर्षं जाईल. कुणी म्हणालं, जुन्या इंजिनात पैसे घालू नकोस, भंगारातल्या गाडीचं चांगलं इंजिन बघून बसव. एकाने सरळ गाडीच विकायला सांगितली. प्रत्येकाचं बोलणं त्या त्या वेळी पटायचं, कारण माझ्याकडे तोपर्यंत एकही मोजलेला आकडा नव्हता. वहीतला ऑइलचा रकाना सोडला तर मी फक्त धुराचा रंग सांगत फिरत होतो.

आमचे मिस्त्री म्हातारे आहेत आणि बोलतात कमी. त्यांनी गाडीचं बॉनेट उघडलंच नाही. "इंजिन नंतर बघू. आधी चॅसी दाखव," म्हणाले. गाडीखाली सरपटत जाऊन त्यांनी हातोडीने क्रॉसमेंबरचे रिव्हेट वाजवून पाहिले, पाट्यांच्या हँगरपाशी तारेचा ब्रश मारून तडा शोधला, केबिनची तळाची पत्रं स्क्रूड्रायव्हरने टोचली, गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलचं ऑइल काढून त्यात चुरा आहे का ते बोटांनी चोळून पाहिलं. पूर्ण सकाळ गेली. शेवटी उठून म्हणाले, "गाडी इंजिन घालण्यालायक आहे. आता बोल." चॅसीला तडा सापडला असता तर पुढचं सगळं तिथेच थांबलं असतं. हा क्रम मला स्वतःहून सुचला नसता.

मग मोजमापं सुरू झाली. डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा मिस्त्रींनी मोजणीत धरलाच नाही. त्यांनी त्या काट्याला माप पुरवणारा सेंडर काढून तिथे थेट यांत्रिक गेज लावला. इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलला ०.६ बार, २००० आरपीएमला २.२ बार. नवं असताना यापेक्षा बरंच जास्त असणार. थंड इंजिनात ऑइल दाट असतं, म्हणून बेअरिंग झिजलेली असली तरी प्रेशर चांगलं दिसतं. खरं काय ते तापल्यावरच कळतं.

नंतर डिझेल फवारणारे सगळे नोझल काढून एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आतली हवा किती दाबतो ते, मोजलं. आमच्या मॅन्युअलप्रमाणे २० बारच्या खाली गेलं की सिलिंडर बाद, आणि सिलिंडरांमधला फरकही थोडाच चालतो. आले ते आकडे असे: २३, २२, २३, १७, २२, २१. म्हणजे सगळेच थकलेले होते आणि चौथा त्यात कोसळलेला. त्या चौथ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं, तर १७ चे २२ झाले. ऑइलने रिंगा आणि लायनर यांच्यातली फट थोडा वेळ बुजवली, म्हणून आकडा वाढला. व्हॉल्व्ह गळत असता तर वाढला नसता. हे करताना ऑइल अगदी बेताने घालावं लागतं. डिझेल इंजिनात पिस्टनच्या वरची जागा फार कमी असते. ती द्रवाने भरली आणि इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, कारण द्रव दाबला जात नाही.

इथेच बहुतेक लोक इंजिन उतरवायला घेतात. मिस्त्री म्हणाले, अजून एक बघू. आमच्या गाडीला एअर ब्रेक, त्यामुळे इंजिनावर हवेचा कॉम्प्रेसर. त्याच्या रिंगा झिजल्या की तो दाबलेली हवा क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, ढकलतो आणि ब्रीदर इंजिनच संपल्यासारखा धूर टाकायला लागतो. टर्बोचं सील गेलं तरी तसंच होतं. असं चुकीचं निदान होऊन चांगली इंजिनं उघडली गेलेली त्यांनी पाहिली होती. त्यांनी कॉम्प्रेसरची आउटलेट पाइप सोडून त्यावरचा भार काढला आणि पुन्हा ब्रीदर बघितला. धूर थोडा उतरला, बंद झाला नाही. म्हणजे कॉम्प्रेसरचा वाटा थोडाच होता. बाकी सगळं सिलिंडरांमधून येत होतं.

ऑइलचा नमुना मी प्रयोगशाळेत तपासायला पाठवला होता. एवढ्या जुन्या गाडीच्या ऑइलची तपासणी कसली, असं मला सुरुवातीला वाटलं होतं. अहवालात लोखंड वाढलेलं होतं, ते लायनरचं. क्रोमियम होतं, ते रिंगांचं. शिसं थोडं वर, म्हणजे बेअरिंग. पण या सगळ्यांपेक्षा वर गेलेलं होतं सिलिकॉन, आणि त्याच्या जोडीला ॲल्युमिनियम. सिलिकॉन एकटं वाढलं तर ते नव्या गॅस्केटच्या पेस्टमधूनही आलेलं असू शकतं. दोन्ही एकदम वाढले तर बहुधा ती माती असते. आमच्या इंजिनात माती जात होती.

गाडी खडी वाहते. क्रशरपाशी दिवसातून तीन-चार फेऱ्या होतात आणि तिथे हवेत दगडाची पूड तरंगत असते. पण एअर फिल्टर मी वेळेवर बदलत होतो, त्यात मी कधी कसूर केलेली नाही. मिस्त्रींनी फिल्टरचा डबा उघडला, फिल्टर पाहिला, बाजूला ठेवला. मग फिल्टरपासून टर्बोकडे जाणारी रबरी होज सोडवली आणि तिच्या आतून बोट फिरवून माझ्यासमोर धरलं. बोटाला राखाडी पूड लागली होती. ही फिल्टरनंतरची, स्वच्छ बाजू. तिथे काहीही असता कामा नये.

होजच्या खालच्या अंगाला, क्लिपच्या पट्टीखाली, बोटभर लांब चीर होती. वरून दिसतच नव्हती. गाडी उभी असताना बंद असायची आणि इंजिन जोरात हवा ओढू लागलं की उघडायची. टर्बोच्या हवा दाबणाऱ्या चाकाच्या पात्यांना हात लावला, तर त्यांच्या पुढच्या कडा सॅण्डपेपरने घासल्यासारख्या बोथट झालेल्या. तीच पूड पुढे सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा आणि लायनर यांच्यामध्ये दळली जात होती. कित्येक महिने मी फिल्टर वेळेवर बदलत राहिलो आणि इंजिन फिल्टरच्या मागून माती खात राहिलं.

त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटलं. पण आज मागे वळून बघतो तेव्हा पूर्ण प्रकरणातला सर्वांत मोलाचा शोध तोच वाटतो. ती होज न बघता आम्ही कुठलंही इंजिन बसवलं असतं, बांधलेलं किंवा कारखान्यातून आलेलं, तर तेही त्याच चिरेतून त्याच मातीने त्याच वेगाने झिजलं असतं. इंजिन बदलताना होज सहसा जुन्याच लावतात. माझ्यासारखं कुणी हे वाचत असेल तर माझी कळकळीची विनंती आहे: इंजिन कशाने मेलं ते कळल्याशिवाय त्याला पाना लावू देऊ नका.

आता प्रश्न खऱ्या अर्थाने समोर आला. ताई आणि मी वही घेऊन बसलो.

कोरं इंजिन पहिल्या दहा मिनिटांतच बाद झालं. त्या पैशांत दुसरी चालती गाडी आली असती. नुसत्या रिंगा टाकायचा मार्ग मिस्त्रींनी बाद केला. झिजलेला लायनर गोल राहत नाही, आणि वरून खालपर्यंत सारख्या मापाचाही राहत नाही. पिस्टन सर्वांत वर पोचतो तिथे वरची रिंग क्षणभर थांबून उलटी फिरते. त्या जागी ऑइलचा थर सर्वांत पातळ आणि दाब सर्वांत जास्त, म्हणून झीज तिथेच सर्वांत अधिक होते. नवी गोल रिंग त्या लंबगोल, निमुळत्या भोकात टेकणार तरी कशी? काही हजार किलोमीटर बरी चालते आणि मग परत पहिले पाढे पंचावन्न.

उरले तीन मार्ग: वापरलेलं इंजिन, कारखान्यात पुन्हा बांधलेलं रिकंडिशन इंजिन, आणि आमचंच इंजिन उतरवून पूर्ण बांधणं.

वापरलेलं इंजिन बघायला मी मोठ्या आशेने गेलो. अपघात झालेल्या गाडीतलं होतं, स्टँडवर उभं करून ठेवलेलं, नुकताच रंग मारलेलं. विकणारा म्हणाला, आत्ता सुरू करून दाखवतो. मी त्याआधी ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाला, हात लावला. ब्लॉक कोमट होता. मी पोचण्याआधीच कुणीतरी ते चालवून ठेवलं होतं, म्हणजे थंड असताना ते कसं सुरू होतं हे मला बघायला मिळणारच नव्हतं. तरी ते चाललं छान. मग मी ऑइल फिल्टर कापून दाखवा म्हणालो. फिल्टरच्या कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरल्या की बेअरिंगचा चुरा लगेच चमकतो. तो नको म्हणाला. दोन नोझल काढून आत कॅमेरा सोडू द्या म्हणालो, त्यालाही नाही. सम्प (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवून एक बेअरिंग कॅप उघडू द्या म्हणण्यात मग अर्थच नव्हता. इंजिन कदाचित उत्तम असेलही. पण मग मी एक न मोजलेलं इंजिन देऊन दुसरं न मोजलेलं इंजिन विकत घेतलं असतं, आणि शिवाय या दुसऱ्याचा इतिहास कुणाच्याच वहीत नव्हता. मी परत आलो.

रिकंडिशन इंजिनाचा मोह खरा होता. माप तपासून बांधलेलं, हमी असलेलं, आणि मुख्य म्हणजे गाडी तीन दिवसांत रस्त्यावर. आमचं काम रोजच्या फेऱ्यांवर चालतं. गाडी उभी राहिली की हप्ता उभा राहत नाही. ताईने तीन आठवडे गाडी बंद राहिली तर किती जाईल ते बांधणीच्या खर्चात मिळवलं, आणि दोन्हींतलं अंतर बरंच कमी झालं. हा आकडा लोक हिशेबात धरत नाहीत; ताईने धरला.

पण कोटेशन नीट वाचल्यावर अंतर पुन्हा वाढलं. त्यात टर्बो नव्हता, पंप आणि नोझल नव्हते, ऑइल कूलर नव्हता. ते सगळं जुन्यावरून काढून नव्यावर चढवायचं होतं. आणि आमच्या टर्बोची पाती तर मातीने खाल्लेली होती. हमीच्या अटीत लिहिलं होतं की ऑइल कूलर नवा हवा आणि रेडिएटर तपासून घेतलेला हवा. ही अट मला योग्यच वाटली, कारण बेअरिंगचा चुरा कूलरच्या बारीक वाटांमध्ये अडकून राहतो, धुऊन सगळा निघत नाही आणि नव्या इंजिनात सुटून येतो. शिवाय जुनं इंजिन त्यांना परत द्यायचं. ब्लॉकला किंवा क्रँकला (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याला) तडा निघाला तर ते जुन्याचे पैसे धरणार नव्हते. इंजिन नंबर बदलला तर तो कागदपत्रांवरही बदलून घ्यावा लागतो, ते काम वेगळंच.

म्हणजे कुठूनही फिरून गोष्ट एकाच जागी येत होती: आमचा ब्लॉक आणि आमचा क्रँक कसा आहे? ते चांगले असतील तर बांधणं फायद्याचं. ते गेलेले असतील तर बांधायला काही उरतच नाही. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, बुश हे सगळं नवं मिळतं. झिजलेला लायनर आपल्याला दिसतो, धूर त्याचाच निघतो, भीती त्याचीच वाटते. पण वेट लायनरच्या इंजिनात निर्णय लायनरवर होत नाही.

उघडून मोजायचं ठरलं. उघडण्याची मजुरी परत मिळणार नव्हती, हे धरून चाललो. पण इंजिन उघडण्याआधी ताईने एक गोष्ट करायला लावली, आणि ती मी जन्मभर विसरणार नाही. तिने वहीच्या नव्या पानावर लिहून घेतलं: ब्लॉकला तडा निघाला, क्रँकला तडा निघाला किंवा तो ग्राइंडिंगच्या शेवटच्या मापापलीकडे गेलेला असला, किंवा मेन बेअरिंगची भोकं (क्रँक ज्यांत फिरतो ती) एका रेषेत नसली, तर बांधायचं नाही, रिकंडिशन आणायचं. "उघडल्यावर तुझा जीव अडकेल," ती म्हणाली. "आत्ताच ठरवू." मिस्त्रींनी पान वाचलं आणि मान हलवली.

इंजिन उतरलं. हेड निघाल्यावर लायनरच्या वरच्या टोकाला नखाला लागेल अशी कड होती. बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, आडवं आणि उभं माप घेतलं. चौथा लायनर सर्वांत वाईट. चौथाच का, याचं उत्तर डिझेल पंप आणि नोझल तपासणाऱ्याकडून आलं. चौथ्या सिलिंडरचं नोझल फवारा मारत नव्हतं, थेंब टाकत होतं. न जळलेलं डिझेल लायनरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढत होतं. मातीने सहाही सिलिंडर झिजले, पण चौथ्यात तिच्या जोडीला हे होतं.

लायनर उपसले तेव्हा त्यांच्या बाहेरच्या बाजूला, पाणी लागतं तिथे, सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं होती. पिस्टनच्या धक्क्याने लायनर थरथरतो, त्याला लागून पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि ते फुटताना लोखंडाचे कण उडवतात. कूलंटमधलं रसायन लायनरवर थर धरून हे थोपवतं. मी कित्येक वर्षं उन्हाळ्यात साधं पाणीच भरत होतो. चूक माझीच. अजून काही काळ गेला असता तर छिद्रं आरपार जाऊन पाणी सिलिंडरमध्ये उतरलं असतं.

मग बेअरिंगच्या वाट्या काढल्या. मिस्त्रींनी एक उलटी करून माझ्या हातात दिली. "वाच." पाठीवर ०.५० असा शिक्का होता. म्हणजे क्रँक आधीच एकदा अर्ध्या मिलिमीटरने घासलेला. गाडी घेताना मला सांगण्यात आलं होतं की इंजिनाला हात लागलेला नाही. बेअरिंगच्या पाठीवर खरं काय ते छापलेलं असतं, पण ती पाठ बघायला इंजिन उघडावं लागतं.

आता सगळं क्रँकवर आलं. चौथ्या बिग एंडच्या जर्नलवर, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकवर जिथे फिरतो त्या गुळगुळीत भागावर, नख अडकेल असा ओरखडा होता. पुढचं माप ०.७५, आणि मॅन्युअलमध्ये शेवटचं १.००. म्हणजे घासायला जागा होती, पण दोन गोष्टी आधी बघायच्या होत्या. पहिली तड्याची. मशिन शॉपमधल्या काकांनी क्रँक चुंबकित करून त्यावर चमकणाऱ्या भुकटीचा द्रव सोडला आणि अंधारात अतिनील दिव्याखाली एकेक जर्नल फिरवून दाखवला. तडा असेल तिथे भुकटी गोळा होऊन रेघ उजळते. मी श्वास रोखून बघत होतो. रेघ कुठेच नव्हती. दुसरी गोष्ट कडकपणाची. नायट्राइड केलेल्या (नायट्रोजन मुरवून कडक केलेल्या) क्रँकचा कडक थर फार पातळ असतो, मिलिमीटरच्या काही दशांशांचा. तो घासून गेला तर पुन्हा नायट्राइड करावं लागतं. आमचा इंडक्शनने (विजेच्या उष्णतेने) कडक केलेला निघाला, त्यात थर खोल असतो. काकांनी कडकपणा मोजून खात्री केली.

"घासताना कोपऱ्याची गोलाई जशीच्या तशी ठेवा," मी काकांना म्हणालो, कारण मी तोपर्यंत बरंच वाचलं होतं. जर्नल जिथे क्रँकच्या गालाला (बाजूच्या जाड पाटीला) मिळतो तिथली गोलाई काटकोनी झाली तर क्रँक तिथूनच तुटतो. काका रागावले नाहीत. त्यांनी चाकाची कड मला दाखवली.

ब्लॉक धुऊन, तपासून आला. तडा नाही, मेनची भोकं रेषेत. पण लायनरची वरची कड ज्या खाचेत टेकते, ती चौथ्या सिलिंडरपाशी दबलेली होती. लायनर बसल्यावर तो ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर राहायला हवा, आमच्या मॅन्युअलप्रमाणे ०.०५ ते ०.१० मिमी, म्हणजे हेड आवळलं की गॅस्केट त्या कडेवर घट्ट दबतं. चौथा जेमतेम ०.०१ वर होता. ही खाच सपाट कापून खाली शिम घालता येते आणि माप परत मिळतं. ब्लॉक टाकायची गरज नव्हती. ताईच्या पानावरच्या तिन्ही अटींपैकी एकही लागू झाली नाही. तिने पानावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, "बांधायचं."

बांधणीचं फार लांबवत नाही. सहा लायनर, पिस्टन, रिंगा, ०.७५ ची बेअरिंगं, कनेक्टिंग रॉडचे नवे बोल्ट (जुने ताणले गेलेले असतात, ते परत वापरण्यात बचत नाही), नवा ऑइल कूलर, दुरुस्त टर्बो, कॅलिब्रेट केलेला पंप, सहाही नोझल. हवेच्या कॉम्प्रेसरच्या रिंगा. आणि फिल्टरपासून टर्बोपर्यंत सगळ्या होज आणि क्लिपा नव्या. वहीत मी जो अंदाज मांडला होता त्यापेक्षा खर्च जवळजवळ एक तृतीयांश जास्त आला. बहुतेक वाढ पंप, नोझल आणि त्या खाचेच्या कामाची. रिकंडिशनपेक्षा तरीही कमीच, पण माझा पहिला अंदाज भाबडा होता हे मान्य करतो. गाडी तेवीस दिवस उभी राहिली.

प्रत्येक बेअरिंगमध्ये मिस्त्रींनी प्लास्टिगेजचा बारीक धागा ठेवून, कॅप पूर्ण टॉर्कने आवळून, पुन्हा उघडून, चपटा झालेला धागा पट्टीवर मोजला; त्यावरून आतली फट कळते. मी विचारलं, घासलेला क्रँक नवा, बेअरिंग नवी, मग मोजायचं कशाला? "डबा चुकीचा आला तर?" ते म्हणाले. रिंगांच्या तोंडातली फट प्रत्येक लायनरमध्ये वेगळी मोजली.

सुरू करायच्या दिवशी टर्बोच्या नळीत आधी ऑइल भरलं, डिझेल बंद ठेवून स्टार्टरने थोडंथोडं फिरवलं, मध्ये स्टार्टरला थंड होऊ दिलं, गेजचा काटा उठेपर्यंत. मग डिझेल सोडलं. दुसऱ्या फिरकीला इंजिन पकडलं. मला वाटत होतं की आता तासभर आयडलला ठेवून हळूहळू रुळवायचं. मिस्त्रींनी तसं करू दिलं नाही. नव्या रिंगा लायनरला टेकतात त्या सिलिंडरमधल्या दाबाने, आणि दाब येतो ओझ्याने. नुसतं आयडलला ठेवलं तर लायनरच्या भिंतीवरची बारीक ओरखड्यांची जाळी गुळगुळीत होऊन चकाकते आणि रिंगा कधीच नीट बसत नाहीत. गळती आणि तापमान बघून झाल्यावर लगेच अर्धा माल भरून बाहेर काढली. एका चालीने नाही, वेग वरखाली करत, मध्यम चढावर ओढत, पण पूर्ण दमाने नाही. पाचशे किलोमीटरला पहिलं ऑइल काढलं, फिल्टर कापून पाहिला. रिंगा बसताना येते तेवढी बारीक राखाडी भुकटी होती, चमकणारं काही नव्हतं. टॅपेट (व्हॉल्व्हच्या फटी) पुन्हा सेट केले.

तापलेल्या इंजिनात आयडलला आता १.५ बार प्रेशर असतं. तो चढ चौथ्या गिअरमध्ये निघतो. पहिल्या तीन हजार किलोमीटरमध्ये अर्धा लिटर ऑइल लागलं, पुढच्या तीन हजारांत डिपस्टिकवरची रेघ हललेली दिसली नाही. ऑइलचा दुसरा नमुना तपासून आला: ॲल्युमिनियम खाली आहे, सिलिकॉन थोडं वर. नव्या गॅस्केटची पेस्ट असणार, असं मिस्त्री म्हणतात. मी तरी दर रविवारी क्लिप सोडून होजच्या आतून पांढरं फडकं फिरवतो, आणि तिसरा नमुना पुढच्या ऑइल बदलाला पाठवायचा आहे. ताईने वहीत तारीख घातली आहे.